वाचक विचारतात : वर्गणीवर चाललेले सरकार

४ जुलै २०२६ ही अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची अडीचशेवी तारीख. त्या निमित्ताने या सदरासाठी प्रश्न मागवले होते. मराठवाड्यातून आलेली बहुतेक पत्रे एकाच गाठीशी अडली आहेत : राजा गेला हे कळले, पण त्याच्या जागी सरकार आले कसे? सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांब पत्रे आवरून घेतली आहेत.

प्रश्न : नववीच्या मुलांनी फळ्यावरची सनावळ पाहून विचारले, “मॅडम, स्वातंत्र्य १७७६ला आणि पहिला राष्ट्राध्यक्ष १७८९ला. मधली तेरा वर्षं कोण होतं?” त्यांना काय सांगावे? — इतिहास शिक्षिका, अंबाजोगाई

मुलांनी नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. पाठ्यपुस्तके क्रांतीनंतर लगेच राज्यघटनेवर उडी मारतात. मध्ये एक सरकार होऊन गेले आणि फसले, हे राहूनच जाते.

मधल्या काळात काँग्रेस होती. आपली काँग्रेस नव्हे. फिलाडेल्फियात भरणारी वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा. ती पहिल्यांदा ५ सप्टेंबर १७७४ला भरली. जॉर्जियाने कोणाला पाठवले नव्हते, म्हणून १२ वसाहती होत्या. दुसरी सभा १० मे १७७५ला बसली, तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टन आणि कॉन्कॉर्डला इंग्रज फौजेशी गोळ्या झडून तीन आठवडे झाले होते. या सभेने सैन्य उभारले, वॉशिंग्टन यांना सेनापती नेमले, नोटा छापल्या, फ्रान्सला वकील धाडले. हे अधिकार तिला कोणत्या कायद्याने मिळाले? कोणत्याच नाही. काम आधी सुरू झाले आणि नियम मागून आले. तो नियम म्हणजे ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’, राज्यांचा आपसातला करार. काँग्रेसने तो १५ नोव्हेंबर १७७७ला मंजूर केला, पण तेराव्या राज्याची संमती येऊन तो लागू व्हायला १ मार्च १७८१ उजाडला. मेरीलँड अडून बसले होते. व्हर्जिनियासारखी राज्ये पश्चिमेच्या अफाट जमिनीवर हक्क सांगत होती. तो हक्क त्यांनी सोडावा, मग आम्ही सही करू, असे त्याचे म्हणणे.

या करारात एकच सभागृह होते. राज्य लहान असो की मोठे, मत एक. युद्ध, तह, कर्ज यांसाठी १३पैकी ९ राज्ये लागत, आणि कराराचा कानामात्रा बदलायचा तरी तेराच्या तेरा. राष्ट्राध्यक्ष नाही, ‘प्रेसिडेंट’ म्हणवणारा माणूस फक्त सभेचा अध्यक्ष. संघाची कायमची न्यायव्यवस्था नाही. आणि कर बसवायचा अधिकार नाही.

मुलांना शेवटचा मुद्दा असा समजावता येईल. गावात पैसा दोन तऱ्हांनी गोळा होतो. घरपट्टी थकली की नोटीस येते आणि दाखल्याला गेले की बाकी निघते. वर्गणी मागायला आलेल्यांना मात्र “पुढच्या आठवड्यात या” म्हटले, की पावतीपुस्तक काखेत मारून पुढच्या घरी जाण्याशिवाय त्यांना गत्यंतर नसते. काँग्रेसकडे पट्टी नव्हती, फक्त वर्गणी होती. ती राज्यांना आकडा कळवी आणि वाट पाही. १७८२ सालासाठी तिने ८० लाख डॉलर मागितले. वर्ष सरले तेव्हा हाती पाच लाखही नव्हते. तोवर नोटा छापून भागवले होते. १७७९ अखेरपर्यंत सुमारे २४ कोटी डॉलरच्या नोटा बाजारात आल्या, आणि मार्च १७८०मध्ये काँग्रेसनेच ४० कागदी डॉलर म्हणजे चांदीचा एक डॉलर असा भाव मान्य केला.

मग आयातीवर ५ टक्के जकात बसवायचा ठराव १७८१ला राज्यांकडे गेला. ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याने १७८२ला नाही म्हटले आणि बेत बुडाला. १७८३ला पुन्हा तोच प्रयत्न झाला; या वेळी न्यूयॉर्क आडवे आले. त्याच वर्षी जूनमध्ये थकलेला पगार मागणाऱ्या सैनिकांनी फिलाडेल्फियातल्या सभागृहाला वेढा घातला, तेव्हा काँग्रेस गाशा गुंडाळून प्रिन्स्टनला गेली. ३ सप्टेंबर १७८३ला पॅरिसचा तह होऊन इंग्लंडने स्वातंत्र्य मान्य केले, तेव्हा विजेत्या देशाच्या सरकारची ही अवस्था होती.

फळ्यावर दोन ओळी पुरतील. १७७४ ते १७८१ : लेखी कराराशिवाय चाललेली काँग्रेस. १७८१ ते १७८९ : करार आहे, पण तिजोरीची किल्ली राज्यांकडे.

प्रश्न : चहावरचा कर वाढवला म्हणून बोस्टनमध्ये चहा समुद्रात फेकला, असे माझ्या नोट्समध्ये आहे. परीक्षेत हे चालेल का? शिवाय स्वातंत्र्य २ जुलैला की ४ जुलैला? — स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, लातूर

नोट्स दुरुस्त करा. १७७३च्या कायद्याने चहा महाग नव्हे, स्वस्त झाला. दर पौंडामागे तीन पेन्सचा कर १७६७पासूनचाच होता. १७७०ला त्याच्या जोडीचे बाकी कर उठले, चहावरचा मुद्दाम ठेवला. १७७३ला ईस्ट इंडिया कंपनीची गोदामे न विकलेल्या चहाने तुंबली होती. तेव्हा इंग्लंडमधली जकात कंपनीला माफ केली आणि वसाहतींत थेट माल विकायची मुभा दिली. आता हा चहा डच तस्करीच्या चहाच्याही खाली विकता येणार होता. राग दोन कारणांचा. स्थानिक व्यापारी आणि तस्कर दोघांच्याही पोटावर पाय येत होता. आणि स्वस्त म्हणून लोक तो चहा प्याले असते, तर जिथे आपला एकही प्रतिनिधी नाही त्या पार्लमेंटचा कर मुकाट्याने मान्य केल्यासारखे झाले असते. १६ डिसेंबर १७७३च्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. चहा चीनचा होता. आसामचा चहा तेव्हा बाजारात यायचा होता, ही चूकही उत्तरपत्रिकांत हमखास दिसते.

याहून महत्त्वाचे पुढे घडले, आणि ते नोट्समध्ये नसते. शिक्षा म्हणून १७७४ला बोस्टनचे बंदर बंद झाले, मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली, गावसभांवर बंधने आली. गव्हर्नरने विधानसभेची बैठक रद्द केली तेव्हा सभासद त्याच्या परवानगीशिवाय जमले आणि ‘प्रांतिक काँग्रेस’ म्हणून कारभार पाहू लागले. त्याच ऑक्टोबरात त्यांनी गावांना कळवले : गोळा केलेला कर राजाच्या खजिनदाराकडे भरू नका, आम्ही नेमलेल्या माणसाकडे भरा. पहिली गोळी सुटायला अजून सहा महिने होते. सत्तेचे हस्तांतर आम्ही तरी याच दिवसांपासून मोजतो.

वसाहतींची राज्ये झाली ती अशीच, वेगवेगळ्या वाटांनी. कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड यांनी नवी घटना लिहिलीच नाही. जुन्याच सनदेतून राजा वजा केला. कनेक्टिकटचे तसे १८१८पर्यंत निभावले. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने १७७८ला स्वतःच मसुदा केला, तो गावांनी फेटाळला. मग केवळ घटनेसाठी वेगळी परिषद निवडली, तिचा मसुदा पुन्हा गावसभांपुढे ठेवला, आणि १७८०ला तो पास झाला. कायदे करणाऱ्यांनी घटना करायची नाही आणि लोकांच्या मंजुरीशिवाय ती लागू नाही, ही रीत तिथे बसली. १७८७ला तीच उपयोगी पडली.

तारखांचे : २ जुलै १७७६ला स्वातंत्र्याचा ठराव पास झाला, ४ जुलैला जाहीरनाम्याचा मजकूर मंजूर झाला, बहुतेक सह्या २ ऑगस्टला झाल्या. सह्या एकूण ५६. प्रश्न ‘जाहीरनामा’ म्हणत असेल तर ४ जुलै लिहा.

प्रश्न : अमेरिकेतही कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड केले आणि त्यामुळे राज्यघटना झाली, असे ऐकले. खरे आहे का? — एक शेतकरी, माजलगाव

बंड खरे आहे. ‘त्यामुळे घटना झाली’ हे अर्धे खरे.

मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातल्या शेतकऱ्याकडे जमीन होती, जनावरे होती, धान्य होते, नगद नव्हते. राज्याने युद्धाचे कर्ज फेडण्यासाठी जबर कर बसवले आणि ते नाण्यांतच मागितले. दुकानदाराला त्याचा बोस्टनचा व्यापारी तगादा लावी, दुकानदार शेतकऱ्याला. दावा लागला की जनावरे आणि जमीन जप्तीत जाई, माणूस तुरुंगात. जखमेवर मीठ असे की सैनिकांना पगाराऐवजी कागदी रोखे मिळाले होते. गरजेपोटी ते त्यांनी कवडीमोलाने विकले. आता त्याच रोख्यांवर सावकारांना पैसे चुकते करायला कर भरायचा होता, आणि भरणाऱ्यांत तेच जुने सैनिक होते.

२९ ऑगस्ट १७८६ला नॉर्थॅम्प्टनच्या कोर्टापुढे शेकडो माणसे जमली आणि त्यांनी न्यायाधीशांना बसू दिले नाही. हिशेब साधा होता : कोर्ट भरले नाही तर हुकूमनामा नाही, हुकूमनामा नाही तर जप्ती नाही. पुढे डॅनियल शेज या माजी कॅप्टनचे नाव उठावाला चिकटले. २५ जानेवारी १७८७ला हे लोक स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. तोफा उडाल्या, चार जण मेले, बाकीचे पांगले. शस्त्रागार काँग्रेसचे होते, पण ते राखायला काँग्रेसकडे फौज नव्हती. फौजेसाठी तिने राज्यांकडे पैसे मागितले होते, अनुभव नेहमीचाच. राज्याच्या तिजोरीतही खडखडाट असल्याने बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी खिशातून पैसे घालून सैन्य उभे केले. पुढच्या निवडणुकीत गव्हर्नर बोडिन पडले, करांचा जोर कमी झाला आणि शेज यांना १७८८ला माफी मिळाली.

आपल्याकडे १८७५ला सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, त्याची आठवण होणे साहजिक आहे. तिथेही रोख कागदावर होता. त्यातून १८७९चा दख्खन शेतकरी कायदा आला.

आता ‘त्यामुळे’चे. घटना परिषदेची हाक सप्टेंबर १७८६ला अॅनापोलिसच्या बैठकीतूनच गेली होती. पाच राज्यांचे १२ प्रतिनिधी व्यापाराचे नियम ठरवायला जमले होते. इतक्या थोड्यांनी काय ठरवायचे म्हणून त्यांनी मोठी परिषद मागितली. तेव्हा शेज यांचे नाव फारसे कुणाला ठाऊक नव्हते. उठावाने काम केले ते कुंपणावर बसलेल्यांना खाली उतरवण्याचे. २१ फेब्रुवारी १७८७ला काँग्रेसनेही परिषदेला होकार दिला. एक कडू गोष्टही सांगायला हवी : नव्या घटनेच्या कलम १, परिच्छेद १० ने राज्यांना कागदी चलन काढायला आणि कराराची बांधिलकी मोडणारे कायदे करायला बंदी केली. कर्जदारांच्या मागण्या नेमक्या त्याच होत्या.

प्रश्न : फिलाडेल्फियाच्या परिषदेत चार महिने भांडण कशावर चालले? — निवृत्त कर्मचारी, परभणी

घटना परिषदेची बैठक १४ मे १७८७ला ठरली होती; पुरेशी राज्ये जमायला २५ मे झाला. ऱ्होड आयलंड शेवटपर्यंत आले नाही. एकंदर ५५ जण कधी ना कधी हजर राहिले. वॉशिंग्टन अध्यक्ष, फ्रँकलिन ८१ वर्षांचे. बोलणे बाहेर जायचे नाही असा नियम होता, दारावर पहारा होता, ऐन उन्हाळ्यात खिडक्या बंद. व्हर्जिनियाचे प्रतिनिधी मॅडिसन रोज टिपणे काढत. ती छापली गेली १८४०ला, त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. आत काय झाले याची आपली बरीचशी माहिती त्याच वह्यांतली आहे.

मोठे भांडण जागांचे. व्हर्जिनियाने २९ मे रोजी योजना मांडली : दोन सभागृहे, दोन्हींत लोकसंख्येच्या किंवा वर्गणीच्या प्रमाणात जागा. लहान राज्ये बिथरली. १७९०च्या शिरगणतीत व्हर्जिनिया साडेसात लाखांच्या जवळ आणि डेलावेअर साठ हजारांच्या आत होते, यावरून अंदाज येईल. १५ जूनला न्यूजर्सीची उलट योजना आली : एकच सभागृह, दर राज्याला एक मत, पण काँग्रेसला जकात बसवता यावी. म्हणजे पट्टीचा अधिकार द्यायला आता दोन्ही बाजू तयार होत्या. वाद उरला, पट्टी ठरवणाऱ्या खोलीत कुणाच्या किती खुर्च्या.

१६ जुलैला तोड मंजूर झाली : प्रतिनिधीगृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, सिनेटमध्ये सर्वांना सारख्या. मते ५ विरुद्ध ४, मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी आपसातच निम्मे-निम्मे फुटल्याने त्याचे मत बाद. न्यूयॉर्कचे तिघांपैकी दोघे सहा दिवस आधी रुसून घरी गेले होते, त्यामुळे त्याचे मत धरता येत नव्हते, आणि न्यू हॅम्पशायरचे लोक अजून पोचायचे होते. हे हजर असते तर काय झाले असते, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. तडजोड मात्र दगडी ठरली : राज्याच्या संमतीशिवाय सिनेटमधला त्याचा समान हक्क काढता येणार नाही, असे पाचव्या कलमातच लिहून ठेवले. म्हणून आज सहा लाखांच्या आतले वायोमिंग आणि पावणेचार कोटींच्या वरचे कॅलिफोर्निया, दोघांचेही सिनेटर दोन-दोन.

राष्ट्राध्यक्ष कोणी निवडायचा यावर तर मते पुन्हापुन्हा फिरली. काँग्रेसने निवडावा तर तो तिचा मिंधा होणार. लोकांनी थेट निवडावा तर एवढ्या पसरलेल्या मुलखात दूरच्या माणसाला ओळखणार कोण, ही शंका. शिवाय थेट मतदानात गुलामांचे मत नसल्याने दक्षिणेचे वजन घटणार. शेवटी ४ सप्टेंबरला एका समितीने निर्वाचकांचा मार्ग काढला : राज्याचे प्रतिनिधी अधिक सिनेटर, तितके निर्वाचक, आणि राष्ट्राध्यक्ष त्यांनी निवडायचा. थकलेल्या माणसांनी काढलेली ती वाट आहे, आणि तसे दिसतेही.

एक जागा जवळून पाहण्यासारखी आहे. ६ ऑगस्टच्या मसुद्याची सुरुवात “आम्ही न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड... या राज्यांचे लोक” अशी तेरा नावांनी होत होती. पुढे ठरले की नऊ राज्यांनी मान्यता दिली की त्यांच्यापुरती घटना लागू. आता नऊ कोणती होणार हे कोणाला माहीत? नावे छापली आणि एखादे राज्य आलेच नाही तर पहिलीच ओळ खोटी. भाषेवरून हात फिरवणाऱ्या समितीत गव्हर्नर मॉरिस होते (‘गव्हर्नर’ हे पद नव्हे, त्यांचे नावच तसे). १२ सप्टेंबरला आलेल्या मसुद्यात नावे गेली होती आणि “आम्ही, संयुक्त राज्यांचे लोक” एवढेच उरले होते. आपल्या उद्देशिकेतल्या “आम्ही, भारताचे लोक” या शब्दांशी त्याचे नाते उघड आहे. मुळात ती कारकुनी अडचणीतून सुटका होती, की मॉरिस यांनी संधी साधली? आम्हाला दोन्ही वाटते.

१७ सप्टेंबरला सह्या झाल्या. त्याआधी ऐन वेळी एक बदल झाला : ४०,००० लोकांमागे एक प्रतिनिधी होता, तो ३०,०००वर आणला. त्याच्या बाजूने बोलायला वॉशिंग्टन उठले. चार महिन्यांत चर्चेत त्यांनी तोंड उघडले ते जवळजवळ तेवढेच. सह्या ३९. त्यांतली डिकिन्सन यांची सही सहकाऱ्याने केली, कारण ते आजारी पडून निघून गेले होते. जुन्या कराराचा पहिला मसुदा त्यांनीच लिहिला होता. हजर असून तिघांनी सही नाकारली : मेसन, रँडॉल्फ, गेरी. हक्कांची यादी का नाही, ही मेसन यांची तक्रार.

प्रश्न : जुना करार बदलायला तेराही राज्ये लागत. मग नऊ राज्यांवर नवी घटना लागू कशी? हे बेकायदा नाही का? — विधी शाखेचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

जुन्या कराराच्या तेराव्या कलमावर बोट ठेवून पाहिले तर बेकायदाच. परिषदेला सांगितले होते करारात दुरुस्त्या सुचवायला; तिने करारच बदलला. मॅडिसन यांच्या बाजूचा युक्तिवाद दोन पायांवर उभा होता. एक, करार एका पक्षाने मोडला की दुसरा मोकळा, आणि वर्गणी न भरून सगळ्यांनीच तो मोडला आहे. दोन, मूळ मालक लोक आहेत. मंजुरी विधिमंडळाकडून न घेता खास निवडलेल्या परिषदांकडून घेतली की उणीव भरून निघते. दुसरा पाय मजबूत आहे. पहिला सोयीचा.

व्यवहारात झाले ते मात्र कायद्यापेक्षा डावपेचाचे. पेनसिल्व्हेनियात विरोधकांनी कोरम पाडला. ४६ सभासद हवेत, सभागृहात ४४. दुसऱ्या दिवशी, २९ सप्टेंबर १७८७ला, जमावाने दोन विरोधकांना त्यांच्या मुक्कामावरून ओढत आणून खुर्चीत बसवले आणि कोरम भरला. जिल्हा परिषदेच्या निवडी पाहिलेल्यांना यात नवल वाटू नये.

पहिली मान्यता डेलावेअरची, ७ डिसेंबर १७८७, एकमताने. मॅसॅच्युसेट्सला १८७ विरुद्ध १६८. तीही “आधी मान्य करा, दुरुस्त्या मागून सुचवा” या तोडीवर. नववे न्यू हॅम्पशायर, २१ जून १७८८. पण व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्क बाहेर राहिले असते तर देशाचे दोन तुकडे पडले असते. ती आली ८९–७९ आणि ३०–२७ अशा मतांनी. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे यांचे, घटनेची बाजू मांडणारे ८५ ‘फेडरलिस्ट’ लेख या न्यूयॉर्कच्या लढाईसाठीच लिहिलेले. ऱ्होड आयलंड २९ मे १७९०ला आले, ३४–३२. त्याच्याशी व्यापार तोडायचे विधेयक सिनेटने नुकतेच पास केले होते.

प्रश्न : “सर्व माणसे समान जन्मली” म्हणणाऱ्यांनी गुलाम ठेवले. घटनेत त्याचे काय? — वाचक, नांदेड

घटनेत ‘गुलाम’ शब्द कुठेच नाही, पण गुलामगिरी तीन ठिकाणी आहे. प्रतिनिधी मोजताना ‘इतर व्यक्तीं’चे तीन पंचमांश धरायचे; माणसांची आयात १८०८पर्यंत काँग्रेसने थांबवायची नाही; पळून गेलेल्याला परत करायचे. तीन पंचमांशाचा अर्थ पुष्कळदा उलटा लावला जातो. दक्षिणेला गुलाम पूर्ण मोजून हवे होते, कारण त्यामुळे मालकांच्या जागा वाढत; मत गुलामांना मिळणारच नव्हते. म्हणजे हा आकडा शून्य असता तर गुलामांचे भले अधिक झाले असते. १७९०ला सुमारे ३९ लाख लोकसंख्येत सुमारे सात लाख गुलाम होते. पेनसिल्व्हेनियाने १७८०ला टप्प्याटप्प्याने मुक्तीचा कायदा केला होता, तेव्हा त्या काळात दुसरे काही सुचणेच शक्य नव्हते, ही सबब टिकत नाही. गुलामगिरी घटनेतून गेली १८६५च्या तेराव्या दुरुस्तीने, यादवी युद्धानंतर.

प्रश्न : यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस आणि आपल्याकडचा गव्हर्नर जनरल एकच का? — वाचक, धाराशिव

एकच. १९ ऑक्टोबर १७८१ला व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला त्याच्या इंग्रज फौजेची शरणागती झाली. प्रकृतीचे कारण सांगून तो स्वतः आला नाही, तलवार द्यायला दुय्यम अधिकाऱ्याला पाठवले. पाच वर्षांत तो कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होता. १७९०–९२च्या युद्धात त्याने निजाम आणि पेशवे यांना बरोबर घेऊन टिपूला श्रीरंगपट्टणला गाठले आणि निम्मे राज्य काढून घेतले. मराठवाड्याचा बहुतेक भाग तेव्हा निजामाकडे, म्हणजे आपला मुलूख कॉर्नवॉलिसच्या दोस्तांत मोडत होता. उलट अमेरिकेत, इंग्रजांशी लढतो म्हणून, पेनसिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाला टिपूच्या बापाचे नाव दिले होते : ‘हैदर अली’. एप्रिल १७८२ला त्याने ‘जनरल मंक’ हे इंग्रजी जहाज पकडले.

प्रश्न : घटना कागदावर आली. सरकार प्रत्यक्ष सुरू कसे झाले? — पदवीचा विद्यार्थी, जालना

रडतखडत. ४ मार्च १७८९ला न्यूयॉर्कमध्ये नवी काँग्रेस भरायची होती, कोरमच नाही. प्रतिनिधीगृहाचा कोरम १ एप्रिलला झाला, सिनेटचा ६ एप्रिलला. मग मते मोजली. ६९च्या ६९ निर्वाचकांनी वॉशिंग्टन यांना मत दिले होते. ३० एप्रिलला त्यांनी शपथ घेतली.

पुढचा क्रम पाहा, त्यात दुखणे कुठे होते ते दिसते. १ जूनला शपथेचा कायदा. लगेच ४ जुलैला आयात जकातीचा, आणि ३१ जुलैला ती वसूल करणाऱ्या बंदरांवरच्या नाक्यांचा. त्याच सुमारास परराष्ट्र (२७ जुलै) आणि युद्ध (७ ऑगस्ट) ही खाती, मग २ सप्टेंबरला अर्थखाते. २४ सप्टेंबरला न्यायव्यवस्था : सर्वोच्च न्यायालयात सहा न्यायाधीश, खाली १३ जिल्हा न्यायालये. अर्थखात्याचे हॅमिल्टन यांनी जानेवारी १७९०ला हिशेब मांडला : संघाचे देणे सुमारे ५.४ कोटी डॉलर, राज्यांचे सुमारे २.५ कोटी. राज्यांचे कर्जही संघाने घ्यावे, या प्रस्तावावर दक्षिण अडली. राजधानी पोटोमॅक नदीकाठी द्यायच्या सौद्यावर ते सुटले.

हक्कांच्या दुरुस्त्या २५ सप्टेंबर १७८९ला राज्यांकडे गेल्या. त्या बारा होत्या. दहा १५ डिसेंबर १७९१ला मंजूर झाल्या. उरलेल्या दोनपैकी एक, काँग्रेसने स्वतःचा पगार बदलला तर तो पुढच्या निवडणुकीनंतरच लागू व्हावा ही, मुदत न घातल्याने तशीच पडून होती. ती १९९२ला मंजूर होऊन सत्ताविसावी दुरुस्ती झाली.

प्रश्न : उद्या वेगळा मराठवाडा करायचा झाला तर महाराष्ट्र विधानसभेचा होकार लागतो का? अमेरिकेत काय नियम आहे? — वाचक, हिंगोली

आपल्याकडे होकार लागत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३प्रमाणे राष्ट्रपती विधेयक राज्याच्या विधिमंडळाकडे मत मागायला पाठवतात. ते मत काहीही आले तरी संसद पुढे जाऊ शकते आणि साधे बहुमत पुरते. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्य मोडून मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, ते संसदेच्या कायद्याने.

अमेरिकेत घटनेचे चौथे कलम सांगते की एखाद्या राज्यातून नवे राज्य काढायचे तर काँग्रेसबरोबर त्या राज्याच्या विधिमंडळाचीही संमती हवी. व्हर्जिनियाच्या संमतीने १७९२ला केंटकी झाले, मॅसॅच्युसेट्सच्या संमतीने १८२०ला मेन. यादवी युद्धात, १८६३ला, वेस्ट व्हर्जिनिया झाले तेव्हा व्हर्जिनियाचे खरे विधिमंडळ बंडखोरांच्या बाजूला होते. म्हणून व्हीलिंगला संघनिष्ठांनी बसवलेल्या दुसऱ्या विधिमंडळाकडून ‘व्हर्जिनियाची संमती’ घेतली. नियम पाळला, माणसे बदलली.

फरकाचे कारण जन्मात आहे. तिकडे राज्ये आधी होती आणि त्यांनी आपसांत ठरवून संघ केला. हद्दीचा हक्क सोडायला कोणी तयार नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीपुढे मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी हाच मुद्दा सांगितला होता : भारताचा संघ घटकराज्यांच्या कराराने झालेला नाही, म्हणून कोणालाही त्यातून फुटता येणार नाही, आणि ‘फेडरेशन’ऐवजी ‘युनियन’ हा शब्द त्यासाठीच घेतला. हैदराबाद भारतात येऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.